स्वस्तातली गिटार मेटलसाठी तयार करायचीये? मग पिकअप सगळ्यात शेवटी

प्रश्न थोडक्यात असा होता: स्ट्रॅट शेपची स्वस्तातली गिटार आहे, ब्रिजला (तारा जिथे बॉडीवर टेकतात तिथे) एक हंबकर, म्हणजे दोन कॉइलचा पिकअप, आणि पुढे दोन सिंगल कॉइल, वाजवायचंय ड्रॉप सी मध्ये, पण डिस्टॉर्शन लावलं की सगळं गिचमिड होतं, दोन रिफ वाजवून होईपर्यंत ट्यूनिंग उतरलेलं असतं, तर ईएमजी ८१ हा नवीन पिकअप (तारेचं कंपन पकडून ॲम्पकडे पाठवणारा भाग) टाकला की काम होईल का?

नाही होणार. ईएमजी वाईट आहे असं नाही, पण तुझे दोन प्रॉब्लेम आहेत आणि त्यातला एकही पिकअपमधून आलेला नाही. माझी पहिली गिटार अगदी अशीच होती. मी पण पैसे साठवून आधी पिकअपच घेतला, रात्रभर जागून सोल्डर केला, सकाळी पहिला रिफ वाजवला आणि काय, तीच गिटार तशीच बेसूर, फक्त आता जास्त मोठ्याने बेसूर. त्यानंतर बऱ्याच गिटार उघडल्या, स्वतःच्या आणि लोकांच्या, आणि आता माझा क्रम ठरलेला आहे. तार जिथे जिथे टेकते तिथे आधी पैसे आणि वेळ घालायचा, मग ॲम्पकडे बघायचं, मग वायरिंग, आणि एवढं करूनही काही कमी वाटलं तर पिकअप.

तारांपासून सुरू करू कारण सगळ्यात मोठा फरक तिथे पडतो आणि खर्च सगळ्यात कमी. या गिटारवर कंपनीतून बहुतेक ९-४२ चा सेट येतो (सगळ्यात बारीक तार इंचाच्या ९ हजारांश, सगळ्यात जाड ४२ हजारांश), तो ई स्टँडर्डसाठी, म्हणजे नेहमीच्या ट्यूनिंगसाठी ठीक आहे. तू ड्रॉप सी ला गेलास म्हणजे जाड तार चार सेमीटोन (चार फ्रेटएवढी) खाली आणि बाकीच्या पाच दोन सेमीटोन खाली. तारेचा ताण फ्रिक्वेन्सीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे चार सेमीटोन उतरलास की ताण आधीच्या साधारण ६३ टक्केच उरतो. एक तृतीयांशाहून जास्त ताण गेला! मग ती तार वाजत नाही, ती लोंबकळते. जोरात पिक मारला की आधी सूर वर जातो मग खाली येऊन बसतो, पाम म्यूट केलं (तळहाताची कड ब्रिजपाशी तारांवर टेकवून वाजवलं) की "चग" च्या ऐवजी "ब्लब" असा काहीतरी आवाज येतो, आणि तुला वाटतं पिकअप खराब आहे. आता उलटा हिशोब कर. चार सेमीटोन खाली तोच ताण हवा तर जाडी साधारण १.२६ पट पाहिजे, म्हणजे ४२ ची ५३ होते. दोन सेमीटोन खाली १.१२ पट, म्हणजे ९ ची १० होते. आणि १०-५२ चा सेट तर रेडीमेड मिळतो, लाइट टॉप हेवी बॉटम म्हणतात तो. म्हणजे ड्रॉप सी मध्ये १०-५२ लावलास की हाताला जवळपास तुझी जुनी ९-४२ ई स्टँडर्डमध्ये असल्यासारखीच लागेल, मधल्या दोन तारा थोड्या कडक वाटतील एवढंच. उजवा हात जड असेल तर ११-५४ बघ. कोणी म्हणेल ब्लॅक सबाथचा टोनी आयोमी तर बारीक तारा लावायचा आणि १९७१ पासून तीन सेमीटोन खाली ट्यून करायचा, खरंय, पण कारखान्यातल्या अपघातात त्याच्या बोटांची टोकं गेली होती आणि त्याला ढिल्या ताराच हव्या होत्या. संथ, जड रिफना ते चालतं, उलट मस्तच लागतं. फास्ट पाम म्यूटिंग करायचं असेल तर तार ताठ पाहिजे.

आता जाड तारा आणल्यास आणि तशाच चढवल्यास की पुढचा प्रॉब्लेम सुरू. नट. स्वस्त गिटारवरचा नट (नेकच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात ती पट्टी) साध्या प्लास्टिकचा असतो आणि त्याच्या खाचा ४२ च्या हिशोबाने कापलेल्या असतात. ५२ ची तार १.३२ मिलिमीटर जाड आहे आणि ४२ ची १.०७, फरक फक्त पाव मिलिमीटरचा, पण त्या पाव मिलिमीटरमुळे तार खाचेच्या तळाला जातच नाही, वरच्या कडांवर अडकून बसते. ट्यूनरची खुंटी फिरवताना कान देऊन ऐक. सूर वर सरकत नाही, सरकत नाही, आणि एकदम "टिंग" होऊन उडी मारतो. ते टिंग म्हणजे खाचेत अडकलेली तार सुटल्याचा आवाज. तुझं ट्यूनिंग दोन रिफमध्ये का जातं त्याचं उत्तर बहुतेक त्या टिंगमध्ये आहे, ट्यूनरमध्ये नाही. लोक या टप्प्यावर लॉकिंग ट्यूनर (तार आत घट्ट पकडणाऱ्या खुंट्या) घेतात आणि मग विचारतात की अजून का उतरतंय.

खाच रुंद करायला नट फाइल मिळतात, त्या महाग वाटल्या तर जुनी ४६ किंवा ५० ची गुंडाळलेली तार घे आणि तीच खाचेत करवतीसारखी मागेपुढे चालव, नाहीतर बारीक तारेला ६०० चा पॉलिश पेपर गुंडाळून. प्लास्टिक मऊ असतं, चार-पाच हात मारायचे, तार बसवून बघायची, परत चार-पाच. खाचेचा उतार हेडस्टॉककडे पाहिजे, म्हणजे तार नटच्या फ्रेटबोर्डकडच्या कडेवरून सुटेल, नाहीतर ओपन तार सितारीसारखी झणझणते. आणि खोली वाढवायची नाहीये, रुंदी वाढवायचीये, हे डोक्यात ठेव. खोली बघायची पद्धत: तिसऱ्या फ्रेटला तार दाब आणि पहिल्या फ्रेटवर किती फट आहे बघ, केसाएवढी पाहिजे. नखाने टिचकी मारलीस तर हलकासा टिक आवाज यायला हवा. फटच उरली नाही तर खाच जास्त खोल गेलीये, ओपन तार आता पहिल्या फ्रेटवर खरखरणार आणि नवीन नट लागणार. तसाही नवीन नट, हाडाचा किंवा ग्राफाइटवाला, हा या गिटारवरचा सगळ्यात वसूल खर्च आहे. एखाद्या चांगल्या टेक्निशियनकडून तुझ्या गेजला कापून घे. तोपर्यंत मऊ पेन्सिलीचं शिसं खाचेत घास, त्यानेही टिंग बरंच कमी होतं.

मग ब्रिज. तुझ्याकडे सहा स्क्रूवाला नाहीतर दोन खांबांवरचा व्हायब्रॅटो ब्रिज असणार, दांड्याने हलवून सूर खालीवर करता येतो तो. मला सांग, मेटल रिदम वाजवताना तो दांडा किती वेळा धरतोस? मी तर दांडा काढून कुठेतरी ठेवला आणि हरवला, तीन वर्षांनी लक्षात आलं. तो ब्रिज तरंगत ठेवलास तर मागच्या स्प्रिंगा आणि पुढच्या तारा सतत एकमेकांशी भांडतात, एक तार ट्यून केली की बाकीच्या पाच हलतात, पाम म्यूटला तळहात टेकला की सूर हलतो, आणि रिफच्या मध्येच बेंड केलास तर बाकी तारा खाली येतात. म्हणून तो बंदच करून टाक. मागचं झाकण काढ, पाचही स्प्रिंगा लाव (कमी असतील तर वेगळ्या मिळतात), आणि ज्या हुकाच्या पट्टीला स्प्रिंगा अडकतात तिचे दोन स्क्रू आत घे, ब्रिजची पट्टी बॉडीवर सपाट टेकेपर्यंत. मग ब्रिजखालचा तो जाड धातूचा ठोकळा आणि बॉडीची भिंत यांच्यामध्ये, पट्ट्याच्या बटणाकडच्या बाजूला, लाकडाचा तुकडा अगदी घट्ट बसेल असा कापून घाल. गोंद नको, नुसता दाबून. आता तो ब्रिज हलणार नाही. एका संध्याकाळचं काम, खर्च जवळपास शून्य, आणि गिटार अशी वागायला लागते की जणू दुसरीच आहे.

फ्लॉइड रोझ (तारा दोन्ही टोकांना लॉक करणारा तरंगता ब्रिज) टाकायचा विचार असेल तर विसरून जा, म्हणजे या गिटारवर तरी. चांगला फ्लॉइड चांगलाच असतो, पण स्वस्त नकलांमध्ये जिथे ब्रिज खांबावर टेकतो ती धार मऊ धातूची असते, काही महिन्यांत बोथट होते आणि मग ट्यूनिंग परत जागेवर येत नाही. शिवाय बॉडी कोरावी लागते आणि ती चूक झाली तर परत भरून येत नाही.

सेटअप. यावर खूप काही लिहिता येईल पण तुझ्यापुरतं सांगतो. पहिला फ्रेट दाब, जिथे नेक बॉडीला मिळतो तिथला फ्रेट दाब, आणि सातव्या-आठव्यावर फट बघ. ०.२ ते ०.२५ मिलिमीटर, म्हणजे व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी. जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई) घट्ट, नसेलच तर ढिला, एका वेळी पाव आटा, आणि मग गिटार थोडा वेळ तशीच ठेवून परत बघायचं. जोर लागतोय असं वाटलं तर थांब. वर सांगितला तसा गेज निवडलास तर एकूण ताण फारसा बदलत नाही, त्यामुळे रॉडला कदाचित हातही लावायला लागणार नाही. ॲक्शन, म्हणजे तारेची फ्रेटपासूनची उंची: बाराव्या फ्रेटवर जाड तार २ मिलिमीटरच्या आसपास, बारीक तार १.५. इंटरनेटवर लोक १ मिलिमीटरच्या ॲक्शनच्या बढाया मारतात, ते लीड वाजवणाऱ्यांचं आहे. रिदमला जोरात मारणार असशील तर एवढी खाली ॲक्शन नुसती खडखडते आणि नोटचा जोर फ्रेटवर आपटण्यातच जातो.

इंटोनेशन मात्र सोडू नकोस, कारण डिस्टॉर्शनमध्ये पॉवर कॉर्ड जरासा जरी बेसूर असला तरी तो ऐकू येतो, आणि लोक त्यालाच "गिचमिड आवाज" म्हणतात. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून वाजवलेला सूर) आणि बाराव्या फ्रेटवर दाबून वाजवलेली नोट एकच यायला पाहिजे, दाबलेली वर जात असेल तर सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) मागे, खाली जात असेल तर नेककडे. जाड तारेचं सॅडल बहुतेक मागे घेता घेता जागाच संपेल, तेव्हा त्याच्या स्क्रूवरची छोटी स्प्रिंग काढ आणि अर्धी कापून परत घाल, दोन-तीन मिलिमीटर मिळतात. सूर दाखवणाऱ्या ट्यूनरवर बघताना हळू मारू नकोस, जसा रिफमध्ये मारतोस तसाच मार. जाड तार जोरात मारल्यावर सुरुवातीला थोडी वर जाते, आणि तुझे रिफ सगळे सुरुवातच असतात, नोट लांबतच नाही, म्हणून त्या पहिल्या क्षणालाच ट्यून करायचं.

फ्रेटची टोकं हाताला टोचत असतील तर बारीक कानशीने गोल करून घे. कुठला फ्रेट उंच असेल तर लेव्हलिंगला दे, ते घरी पहिल्यांदा करायचं काम नाही. ट्यूनरबद्दल एकच सांगतो, ते खरंच सैल असतील, खुंटी धरून हलवल्यावर लटपटत असतील, तरच बदल. नवीन तारा चढवल्या की बोटाने ओढून ओढून ताणायच्या, ट्यून करायच्या, परत ताणायच्या, ओढल्यावर सूर उतरायचा थांबेपर्यंत. अर्धे लोक हे करत नाहीत आणि ट्यूनरला शिव्या देतात.

आता एक गोष्ट जी कोणी सांगत नाही. हाय गेन लावून एक तुटक-तुटक (स्टकाटो) रिफ वाजव आणि एकदम थांब, सगळ्या तारा दोन्ही हातांनी दाबून. काही ऐकू येतं? बारीक घंटी वाजल्यासारखं "शिंग्ग्ग"? ते मागच्या स्प्रिंगांचं आणि नटच्या मागे हेडस्टॉकवर उरलेल्या तारांच्या तुकड्यांचं वाजणं आहे. क्लीन आवाजात कळत नाही, गेनमध्ये ते मोठं होतं आणि तुझे थांबे घाण करतं. स्प्रिंगांच्या खाली स्पंजचा तुकडा कोंब, हेडस्टॉकवर नटच्या लगेच मागे तारांमध्ये कापडी हेअरबँड गुंडाळ. लाइव्ह व्हिडिओमध्ये मोठ्या मोठ्या गिटारवाल्यांच्या नटपाशी जो कपडा किंवा हेअरबँड दिसतो, तो स्टाइल नसतो. मी बहिणीचा चोरला होता.

एवढं झालं की गिटार मेकॅनिकली मेटलसाठी तयार आहे. आता गिचमिड. खरं सांगायचं तर यातलं निम्म्याहून जास्त ॲम्पच्या सेटिंगमधून येतं. गेन दहापैकी नऊवर, मिड शून्यावर, बेस पूर्ण. सगळ्यांनी केलंय, मी पण, खोलीत एकट्याने वाजवताना ते भारी वाटतं आणि ड्रम-बेसबरोबर वाजवलं की गिटार गायब. गेन अर्ध्यावर आण, मिड निम्म्याच्या वर ने, बेस कमी कर. खालचा सी म्हणजे साधारण ६५ हर्ट्झ, तिथलं काम बेस गिटारचं आहे, तुझं नाही. सगळा खालचा भाग डिस्टॉर्शनमध्ये घुसवलास की तो फुगतो आणि बाकी नोट खाऊन टाकतो. म्हणूनच मेटलवाले हाय गेन ॲम्पच्या आधी ट्यूब स्क्रीमर हे ओव्हरड्राइव्ह पेडल नाहीतर त्याची नक्कल लावतात, ड्राइव्ह शून्य, लेव्हल पूर्ण, टोन मधोमध. नवख्यांना वाटतं आधीच एवढं डिस्टॉर्शन, वर अजून कशाला. पण ते डिस्टॉर्शनसाठी नाहीच आहे, त्या पेडलचं सर्किट साधारण ७२० हर्ट्झच्या खाली हळूहळू बूस्ट कमी करत जातं, म्हणजे ॲम्पमध्ये जाण्याआधीच खालचा फुगारा छाटला जातो. तुझ्या "आवाज टाइट नाही" ला पिकअपपेक्षा हे पेडल जास्त लागू पडेल. आणि कॉम्प्युटरवर ॲम्प सिम्युलेटर वापरत असशील तर ते पेडल आत फुकटच असतं.

खात्री करायची असेल तर एक टेस्ट कर. ऑडिओ इंटरफेसमध्ये गिटार सरळ लाव, इन्स्ट्रुमेंट किंवा हाय-झेड इनपुटला, आणि एकही इफेक्ट न लावता रिफ रेकॉर्ड कर. मग तो कोरडा ट्रॅक ऐक. प्रत्येक नोट वेगळी, पिकचा ठोका स्पष्ट, म्यूट स्वच्छ असेल तर गिटार ठीक आहे, दोष पुढे आहे. तिथेच नोट एकमेकांत शिरत असतील तर हात, तारा किंवा सेटअप. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा आठ दिवस कोणाशी गिटारबद्दल बोललो नाही. आणि पिक बदल, पातळ लवचिक पिक टाकून दे, १ ते १.५ मिलिमीटरचा टोकदार घे.

वायरिंगमध्ये दोन गोष्टी बघ. पिकगार्ड उघड आणि पॉटच्या (व्हॉल्यूम-टोनच्या नॉबखालच्या भागाच्या) पाठीवर काय लिहिलंय वाच. २५० के असेल तर तुझा हंबकर विनाकारण मळका वाजतोय, हंबकरला ५०० के लागतो, पॉट बदल, हा स्वस्त आणि खरा ऐकू येणारा फरक आहे. फक्त घेण्याआधी भोकाचं माप घे, स्वस्त गिटारवर छोटे पॉट असतात, मोठ्या पॉटची दांडी जाड असते आणि भोक मोठं करावं लागतं. मी तिथे सरळ ड्रिल लावलं आणि पिकगार्डला आरपार चीर गेली, ती अजून तशीच आहे. हाताने फिरवायचा रीमर घे, हळूहळू. दुसरं म्हणजे गुणगुण. तारांना हात लावल्यावर ती कमी होत असेल तर अर्थिंग बरोबर आहे, वाढत असेल तर जॅकच्या वायर उलट्या लागल्यात किंवा अर्थची वायर तुटलीये. आतून तांब्याची टेप लावायची असेल तर लाव, सगळे तुकडे मीटरने एकमेकांशी जोडलेले दिसले पाहिजेत आणि ते अर्थला जोडलेले पाहिजेत, आणि जॅकचं सिग्नलचं टोक टेपला टेकू देऊ नकोस, नाहीतर गिटार एकदम मुकी होते आणि तू तासभर डोकं धरून बसतोस.

आता तुझा ईएमजी. नवीन घेण्याआधी जुन्या हंबकरची उंची नीट कर, शेवटच्या फ्रेटला तार दाबून पिकअप आणि तार यात २ ते ३ मिलिमीटर. स्वस्त हंबकर बऱ्याचदा सिरॅमिक मॅग्नेटचे असतात आणि आउटपुटला चांगले जोरदार असतात, ताकद कमी पडतेय हे क्वचितच खरं असतं. बदलायचं खरं कारण वेगळं आहे: गेन लावून पिकअपवर नखाने टकटक कर. माइकवर टकटक केल्यासारखा मोठा आवाज आला, आणि ॲम्पकडे तोंड केल्यावर कर्कश शिट्टी वाजत असेल, तर आतली कॉइल मेणात नीट बसवलेली नाही. तो बदल, वाद नाही.

ॲक्टिव्ह (बॅटरीवर चालणारा) की पॅसिव्ह (बॅटरीशिवायचा)? ईएमजी ८१ मस्त आहे, टाइट आहे, आवाज शांत आहे, मेटॅलिकाच्या जेम्स हेटफिल्डच्या ब्रिजला वर्षानुवर्षं तोच होता. पण तुझ्या गिटारमध्ये तीन अडचणी. एक, ९ व्होल्टची बॅटरी ठेवायला स्ट्रॅटच्या आत जागा शोधावी लागते, पाच स्प्रिंगा लावल्यावर त्यांच्या खोबणीत सहसा बसत नाही, कुठेतरी कोरावं लागू शकतं. दोन, ॲक्टिव्हला २५ के चे पॉट लागतात, आणि त्यावर तुझे पुढचे दोन सिंगल कॉइल जोडलेस तर ते ब्लँकेटखालून वाजल्यासारखे येतील, म्हणजे ते काढून टाकायची तयारी ठेव. तीन, जॅक स्टिरिओ लागतो कारण वायर घातली की बॅटरी चालू होते, आणि वाजवून झाल्यावर वायर काढायची सवय नसेल तर बॅटरी नेमकी शोच्या दिवशी जाते. म्हणून तुझ्यासाठी मी पॅसिव्ह म्हणेन, सेमूर डंकन डिस्टॉर्शन किंवा डिमार्झिओ सुपर डिस्टॉर्शन, हा दुसरा १९७२ पासून लोक गिटारमध्ये टाकतायत आणि अजून टाकतायत. घेताना पोलमधलं (पिकअपवर प्रत्येक तारेखाली असलेल्या ठिपक्यांमधलं) अंतर बघ, स्ट्रॅट ब्रिजवर तारा जास्त पसरलेल्या असतात, त्यामुळे रुंद स्पेसिंगवाला घे. सोल्डर करताना पॉटच्या पाठीला ४०-६० वॉटचं सोल्डरिंग आयर्न लागतं, छोट्या पेन्सिल आयर्नने बराच वेळ तापवत बसलास तर पॉट आतून जळतो.

आणि हे सगळं सुरू करण्याआधी नेक डोळ्याजवळ धरून हेडस्टॉककडून बॉडीकडे बघ. दोन्ही कडा पिळल्यासारख्या दिसत असतील, किंवा ट्रस रॉड फिरवून काहीच होत नसेल, तर यातलं काहीही करू नकोस, तारा आणि पिक एवढेच घे आणि पैसे दुसऱ्या गिटारसाठी ठेव, शक्यतो फिक्स ब्रिजवाल्या. नेक सरळ असेल तर कर, आणि काढलेला प्रत्येक पार्ट, स्क्रूसकट, एका डब्यात ठेव, उघडण्याआधी वायरिंगचे दोन फोटो काढून. गिटार विकायची वेळ आली तर जुना पिकअप परत बसवून विकता येते आणि चांगला पिकअप तुझ्या पुढच्या गिटारमध्ये जातो.